इंग्रजीतील कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ : मुलांकडून सराव कसा करून घ्यावा

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाच्या वहीत ‘माय सिस्टर गो टू स्कूल’ किंवा ‘द बॉईज प्लेज’ अशी वाक्ये आढळली, की पालक किंवा नवे शिक्षक बहुधा चुकलेले अक्षर लाल शाईने दुरुस्त करतात आणि पुढच्या वाक्याकडे वळतात. आठवड्याने तीच चूक पुन्हा समोर येते. याचे कारण असे, की मूल ‘एस’ हे अक्षर विसरलेले नसते. वाक्यातले क्रियापद कोणाकडे पाहून बदलायचे हेच त्याने लिहिण्यापूर्वी ठरवलेले नसते. म्हणून पुढे सुचवलेला सगळा सराव एकाच सवयीभोवती बांधला आहे, आणि ती सवय म्हणजे आधी कर्ता शोधणे व मगच क्रियापदाला हात लावणे.

मराठी बोलणाऱ्या मुलाला ही कल्पना परकी नाही, आणि ते त्याला सुरुवातीलाच दाखवून द्यावे. ‘मुलगा धावतो’, ‘मुलगी धावते’, ‘मुले धावतात’ असे म्हणताना ते मूल कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलतच असते. साध्या वर्तमानकाळात ‘धावणे’ या एका क्रियापदाची धावतो, धावते, धावतोस, धावतेस, धावता आणि धावतात अशी सहा रूपे ते न अडखळता वापरते. त्याच अर्थाच्या इंग्रजी क्रियापदाची रूपे मात्र दोनच आहेत : ‘रन’ आणि ‘रन्स’. लिंगाचा तर तेथे प्रश्नच येत नाही. तो धावो, ती धावो की ते धावो, रूप एकच राहते. दोन रूपांपैकी योग्य ते निवडायचे आहे, एवढेच काम समोर आहे हे कळले, की मुलाच्या मनावरचे दडपण बरेच उतरते.

तरीही घाई करू नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी तीन इंग्रजीभाषक मुलांच्या बोलण्याचा दीर्घकाळ अभ्यास करून त्याचे निष्कर्ष १९७३ साली प्रसिद्ध केले. त्यांनी तपासलेल्या चौदा व्याकरणिक घटकांपैकी नामाच्या अनेकवचनाचा ‘एस’ मुलांना तुलनेने लवकर आला, क्रियापदाचा ‘एस’ मात्र बराच उशिरा आला. कानाला दोन्ही प्रत्यय सारखेच ऐकू येतात, तरीही ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्या मुलांनाही दुसऱ्यासाठी जास्त वाट पाहावी लागली. तेव्हा आपल्या मुलाला काही महिने लागले, तर त्यात त्याच्या बुद्धीचा किंवा आपल्या शिकवण्याचा दोष शोधू नये.

पहिली पायरी : प्रत्येक कर्त्याचे सर्वनाम करणे

सुरुवात क्रियापदापासून करू नये. वहीच्या एका पानावर दोन रकाने आखावेत. पहिल्यात ‘ही’, ‘शी’, ‘इट’ ही तीन सर्वनामे लिहावीत आणि दुसऱ्यात ‘आय’, ‘यू’, ‘वी’, ‘दे’ ही चार. मग मुलाला निरनिराळी नामे तोंडी द्यावीत आणि प्रत्येकाच्या जागी कोणते सर्वनाम येईल ते विचारावे. ‘द टीचर’ म्हटले तर ‘शी’ किंवा ‘ही’. ‘द बुक्स’ म्हटले तर ‘दे’. ‘माय फ्रेंड अँड आय’ म्हटले तर ‘वी’. ‘द रेन’ म्हटले तर ‘इट’. उत्तर पहिल्या रकान्यातले आले, तर वर्तमानकाळातल्या क्रियापदाला ‘एस’ लागणार. दुसऱ्यातले आले, तर लागणार नाही. पुढच्या कितीतरी अवघड वाटणाऱ्या वाक्यांचा निकाल या एका कसोटीवर लागतो, म्हणून रोज दहा मिनिटे याप्रमाणे पहिला संपूर्ण आठवडा यालाच दिला तरी तो वाया जात नाही.

येथे चाणाक्ष मूल एक प्रश्न हमखास विचारते : ‘यू’ म्हणजे समोरचा एकच माणूस असेल, तर मग ‘यू आर’ का, ‘यू इज’ का नाही? प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तरही चांगले आहे. जुन्या इंग्रजीत एका माणसासाठी वेगळे सर्वनाम होते, ज्याचे पुढे ‘दाऊ’ असे रूप झाले. ‘यू’ हे मुळात अनेकांसाठीचे रूप. नंतर ते आदराने एका माणसालाही वापरले जाऊ लागले आणि हळूहळू ‘दाऊ’ रोजच्या व्यवहारातून मागे पडले. क्रियापद मात्र अनेकवचनीच राहिले. आपण एकाच वडीलधाऱ्या व्यक्तीला ‘तुम्ही आहात’ म्हणतो, ते आठवून दिले की मुलाला हे लगेच पटते.

हाच आदर मराठी मुलाला दुसऱ्या ठिकाणी मात्र अडचणीत आणतो. ‘माझे वडील रोज वाचन करतात’, ‘आमचे सर गणित शिकवतात’ या वाक्यांत व्यक्ती एकच आहे, पण आदरार्थी बहुवचनामुळे क्रियापद अनेकवचनी झाले आहे. मूल मनात हे मराठी वाक्य तयार करते आणि प्रामाणिकपणे ‘माय फादर रीड’ असे लिहिते. कधी ‘माय फादर आर’ असेही लिहून जाते. मला ही चूक सर्वांत समजून घेण्याजोगी वाटते, कारण तिच्यामागे निष्काळजीपणा नसून चांगली मराठी आहे. यावर उपाय असा, की अशा वाक्यापाशी थांबून ‘मराठीत कसे म्हणतो?’ असे न विचारता ‘माणसे किती आहेत?’ असे विचारावे. एक असेल तर ‘ही’ किंवा ‘शी’. वडिलांना ‘ही’ म्हणणे इंग्रजीत अनादराचे नसते, हेही मुलाला स्पष्ट सांगावे. हा संकोच काही मुलांच्या मनात खरोखर असतो आणि तो न बोलता तसाच राहतो.

दुसरी पायरी : दोन ‘एस’ वेगळे ओळखणे

इंग्रजीत नामाला ‘एस’ लागला की बहुधा अनेकवचन होते, आणि क्रियापदाला ‘एस’ लागला की ते एकवचनी कर्त्याचे असते. एकच अक्षर दोन ठिकाणी उलट कामे करते, आणि मुलांचा खरा गोंधळ येथेच होतो. ‘द बॉईज प्लेज’ लिहिणारे मूल तर्क लढवत असते, की मुले अनेक आहेत, मग सगळीकडे ‘एस’ हवा. त्याला ‘द बॉय प्लेज’ आणि ‘द बॉईज प्ले’ ही दोन वाक्ये एकाखाली एक लिहायला लावून दोन्हींतल्या ‘एस’ला रंगीत गोल करायला सांगावे. ‘एस’ नामाकडे असला तर क्रियापदाकडे नसतो, आणि क्रियापदाकडे असला तर नामाकडे नसतो, हे त्याला डोळ्यांनी दिसते. मात्र ही खूण आहे, नियम नाही, हे त्याच दिवशी सांगून ठेवावे. ‘चिल्ड्रेन’ आणि ‘पीपल’ ही ‘एस’ नसलेली अनेकवचने आहेत, तर ‘बस’ या एकवचनी नामाच्या शेवटी मुळातच ‘एस’ आहे. शंका आली की पुन्हा सर्वनामाच्या कसोटीकडे जावे : ‘द बस’ म्हणजे ‘इट’, म्हणून ‘द बस स्टॉप्स’.

तिसरी पायरी : कान आणि लेखणी

वाचताना आणि बोलताना शब्दाच्या शेवटचा ‘एस’ गिळला जातो, आणि जे कधी स्पष्ट ऐकले नाही ते लिहिताना आठवत नाही. म्हणून लेखी सरावापूर्वी काही दिवस हा प्रत्यय मोठ्याने उच्चारून घ्यावा. त्याचे उच्चार तीन होतात. ‘वर्क्स’, ‘स्टॉप्स’, ‘राइट्स’ यांच्या शेवटी ‘स’ ऐकू येतो. ‘रन्स’, ‘प्लेज’, ‘रीड्स’ यांच्या शेवटी ‘झरा’ या शब्दातल्या ‘झ’जवळचा ध्वनी येतो. ‘वॉचेस’, ‘वॉशेस’, ‘क्लोजेस’ यांत तर एक अख्खे अक्षर वाढून शेवट ‘इझ’सारखा होतो. मुलाने हे वर्गीकरण पाठ करण्याची गरज नाही. प्रत्येक गटातली चार क्रियापदे आपण म्हणावीत आणि त्याने मागोमाग म्हणावीत, एवढे पुरते. ‘से’चे ‘सेझ’ आणि ‘डू’चे ‘डझ’ असे होताना आतला स्वरही बदलतो, ते मात्र वेगळे सांगावे.

लेखनाचे नियम थोडे आहेत. क्रियापद ‘एस’, ‘एसएच’, ‘सीएच’, ‘एक्स’ किंवा ‘झेड’ने संपत असेल, तर ‘ईएस’ लागतो. ‘गो’ आणि ‘डू’ यांनाही तसाच. शेवटी ‘वाय’ असून त्याआधी व्यंजन असेल, तर ‘वाय’ जाऊन ‘आयईएस’ येतो, जसे ‘स्टडी’चे ‘स्टडीज’. आधी स्वर असेल, तर ‘प्ले’प्रमाणे नुसता ‘एस’. ‘हॅव’चे ‘हॅज’ होते, ते सरळ लक्षात ठेवायचे.

मुलाला नियम कळला आहे की ओळखीची रूपे फक्त पाठ आहेत, हे तपासण्याची एक चांगली रीत आहे. अमेरिकेत जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांना अस्तित्वातच नसलेले शब्द सांगून त्यांची रूपे विचारली होती. तसेच आपणही करावे. एक काल्पनिक क्रियापद घ्यावे, समजा ‘झिम’, आणि म्हणावे, ‘आय झिम एव्हरी डे. माय ब्रदर…’. मुलाने आपणहून ‘झिम्स’ म्हटले, तर नियम त्याच्या अंगवळणी पडू लागला आहे. शब्द कोणताही चालतो. मुलाने स्वतः बनवलेला असला, तर अधिक बरे.

चौथी पायरी : स्वतःची दिनचर्या, दुसऱ्याच्या नावावर

माझ्या मते या विषयातला सर्वांत उपयोगी सराव हाच आहे, आणि यासाठी वहीखेरीज काहीही लागत नाही. मुलाने आपल्या दिवसाविषयी ‘आय’ने सुरू होणारी आठ-दहा साधी वाक्ये लिहावीत : ‘आय वेक अप अ‍ॅट सिक्स. आय ब्रश माय टीथ. आय गो टू स्कूल. आय स्टडी इन द इव्हनिंग.’ ही वाक्ये बहुतेक बरोबर येतात, कारण ‘आय’बरोबर क्रियापद मूळ रूपातच राहते. दुसऱ्या दिवशी हाच मजकूर त्याने ‘माय सिस्टर’ किंवा ‘माय फ्रेंड’ यांच्याविषयी म्हणून पुन्हा लिहावा. आता ‘वेक्स’, ‘ब्रशेस’, ‘गोज’, ‘स्टडीज’ अशी चारही प्रकारची रूपे एकाच परिच्छेदात येतात, आणि ‘माय टीथ’चे ‘हर टीथ’ करावे लागल्यामुळे कर्ता बदलल्याची जाणीव वाक्यभर जागी राहते. तिसऱ्या दिवशी तोच मजकूर ‘माय फ्रेंड्स’ यांच्याविषयी लिहावा; म्हणजे आधी लावलेला ‘एस’ परत काढून टाकावा लागतो. लावणे आणि काढणे ही दोन्ही कामे लागोपाठ केल्याशिवाय हा नियम पक्का होत नाही.

रिकाम्या जागा भरण्याच्या छापील तक्त्यांवर नवे शिक्षक फार विसंबतात. त्यांचा उपयोग आहे, पण मर्यादित आहे. तेथे क्रियापदाची जागा आधीच दाखवलेली असते आणि मूल रिकाम्या जागेच्या लगेच आधीचा एक शब्द पाहून उत्तर भरते. स्वतः निबंध लिहिताना अशी जागा कोणी दाखवत नाही. त्यामुळे तक्त्यात दहापैकी दहा गुण मिळवणारे मूल निबंधात पुन्हा ‘शी गो’ लिहिते. तक्ता वापरायचाच असेल, तर उत्तर लिहिण्याआधी प्रत्येक वाक्यातल्या कर्त्याखाली रेघ मारण्याची अट घालावी आणि रेघ नसलेले उत्तर, बरोबर असले तरी, पुन्हा करायला सांगावे.

पाचवी पायरी : साहाय्यक क्रियापदे

‘बी’ हे क्रियापद इतरांपेक्षा अधिक बदलते. वर्तमानकाळात ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘आर’ अशी तीन रूपे होतात, आणि भूतकाळात ‘वॉज’ व ‘वेअर’ अशी दोन. भूतकाळात इतर कोणतेही क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही. ‘आय वेंट’, ‘शी वेंट’, ‘दे वेंट’ सारखेच. मराठीत भूतकाळ बराच गुंतागुंतीचा आहे. ‘मुलीने धडा वाचला’, ‘मुलीने गोष्ट वाचली’, ‘मुलीने पुस्तक वाचले’ या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माकडे पाहून बदलते. इंग्रजी क्रियापद कर्माकडे कधीच पाहत नाही. एखादे मूल ‘शी रीड बुक्स’ असे लिहून ‘पुस्तके अनेक आहेत म्हणून’ असे कारण देत असेल, तर त्याला हा फरक समजावून सांगावा.

प्रश्न आणि नकार शिकवताना मुलांकडून एक ठरावीक चूक होते : ‘डज शी गोज?’ आणि ‘ही डजन्ट प्लेज’. त्यांना असे सांगावे, की वाक्यात ‘एस’ एकच आहे आणि तो पुढे आलेल्या ‘डू’ने उचलून नेला आहे. ‘शी गोज’ या वाक्याचा प्रश्न करताना ‘एस’ ‘गो’कडून निघतो आणि ‘डू’ला जाऊन चिकटतो, मागे नुसते ‘गो’ उरते. शब्दांच्या चिठ्ठ्या करून ‘एस’ची वेगळी चिठ्ठी हाताने सरकवून दाखवली, तर लहान मुलांना हे फार चटकन समजते. ‘कॅन’, ‘विल’, ‘मस्ट’, ‘शुड’ यांना ‘एस’ कधीच लागत नाही आणि त्यांच्या मागच्या क्रियापदालाही नाही. ‘टू’नंतर येणारे क्रियापदही मूळ रूपातच राहते; म्हणून ‘शी वॉन्ट्स टू रीड’, ‘टू रीड्स’ नव्हे. नियम नुकताच शिकलेले मूल उत्साहाने सगळीकडे ‘एस’ लावू लागते. ही प्रगतीचीच खूण आहे, तेव्हा रागावू नये. ‘यातले पहिले क्रियापद कोणते?’ एवढेच विचारावे.

सहावी पायरी : कर्ता आणि क्रियापद लांब गेले की

आतापर्यंत कर्ता क्रियापदाच्या शेजारी होता. आता ‘द कलर ऑफ दीज फ्लॉवर्स इज ब्राइट’ असे वाक्य द्यावे. बहुतेक मुले येथे ‘आर’ लिहितात, कारण ‘इज’च्या अगदी जवळचा शब्द ‘फ्लॉवर्स’ आहे. मराठीत ही अडचण सहसा येत नाही. ‘या फुलांचा रंग उठावदार आहे’ असे म्हणताना ‘फुलांचा’ हा शब्द आधी येतो आणि मुख्य नाम ‘रंग’ त्याच्या नंतर, क्रियापदाच्या बाजूला. इंग्रजीत हा क्रम उलटतो : मुख्य नाम आधी आणि ‘ऑफ’चे शेपूट नंतर. हाच फरक वापरून सराव करून घ्यावा. मुलाने अशा वाक्याचे मराठी करावे आणि चा-ची-चे लागलेला शब्द ओळखावा; इंग्रजीतल्या त्या भागाभोवती पेन्सिलीने कंस करावा आणि कंस झाकून उरलेले वाक्य वाचावे. ‘द कलर इज ब्राइट’ हे आपोआप बरोबर ऐकू येते. ‘द बॉक्स ऑफ पेन्सिल्स’, ‘द लीव्हज ऑफ द ट्री’, ‘द चेअर निअर द विंडोज’ अशी वीस-पंचवीस वाक्ये आठवडाभर करून घ्यावीत, आणि त्यांत दोन्ही बाजूंची मिसळ असावी. नाहीतर मूल ‘नेहमी इज’ असा चुकीचा ठोकताळा बांधते.

‘वन ऑफ द गर्ल्स इज’ हे याच जातीचे वाक्य आहे, कारण कर्ता ‘वन’ आहे. ‘देअर’ने सुरू होणाऱ्या वाक्यात कर्ता क्रियापदाच्या पुढे असतो, म्हणून तेथे नजर पुढे टाकायला शिकवावे : ‘देअर इज अ बुक’, पण ‘देअर आर थ्री बुक्स’.

सातवी पायरी : मराठीशी न जुळणारी नामे

काही नामांचे वचन दोन भाषांत जुळत नाही, आणि तेथे तर्क चालत नाही. यादीच करावी लागते. ‘तिचे केस लांब आहेत’ हे मराठीत अनेकवचन, पण ‘हर हेअर इज लाँग’. ‘बातम्या’ अनेक असल्या तरी ‘द न्यूज इज’. उलट ‘कात्री’ एक असली तरी ‘द सिझर्स आर’, आणि ‘चष्मा’ एक असला तरी ‘माय ग्लासेस आर’. ‘मॅथेमॅटिक्स’च्या शेवटी ‘एस’ आहे, पण विषय एक, म्हणून ‘इज’. ‘फर्निचर’ आणि ‘इन्फर्मेशन’ ही मोजता न येणारी नामे नेहमी एकवचनी. ‘पोलीस’ मात्र इंग्रजीत अनेकवचनी. ‘एव्हरीवन’चा अर्थ मुले ‘सगळे’ असा लावतात आणि ‘आर’ लिहितात. तो ‘प्रत्येक जण’ असा सांगितला, की ‘प्रत्येक जण येतो’ यावरून ‘एव्हरीवन कम्स’ सहज येते. ही यादी मुलाने वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने वाढवत न्यावी.

‘अँड’ने जोडलेले दोन कर्ते अनेकवचनी होतात, हे मुलांना सांगावेही लागत नाही. ‘आयदर–ऑर’ने जोडले असता क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालते, आणि ‘टीम’सारख्या समूहवाचक नामांना अमेरिकन इंग्रजीत बहुधा एकवचन, तर ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही वचने चालतात. हे मोठ्या वर्गांचे विषय आहेत; आधीच्या पायऱ्या पक्क्या होण्यापूर्वी ते काढू नयेत.

चुकांची नोंद

सराव सुरू झाल्यापासून वहीत एक वेगळे पान ठेवावे. मुलाने लिहिलेल्या कोणत्याही मजकुरात मेळाची चूक दिसली, तर ती आपण दुरुस्त करू नये. त्या ओळीच्या समासात फक्त एक ठिपका द्यावा आणि ओळीतली चूक त्यालाच शोधू द्यावी. सापडल्यावर त्याने मूळ वाक्य, त्यातला कर्ता, त्याचे सर्वनाम आणि सुधारलेले वाक्य असे चार भाग त्या पानावर लिहावेत. काही आठवड्यांनी हे पान पाहिले, तर चुका बहुधा दोन-तीन प्रकारांतच गोळा झालेल्या दिसतात : कोणाच्या आदरार्थी बहुवचनाच्या, कोणाच्या ‘ऑफ’च्या, कोणाच्या ‘डज’च्या. पुढच्या आठवड्याचा सराव त्याच प्रकारांतून निवडावा. एखाद्या प्रकारची चूक लागोपाठ तीन लेखनांत आली नाही, की मुलाला त्या नोंदींवर स्वतःच्या हाताने रेघ मारू द्यावी.